६४० केबीचा वाडा

माझं लग्न जमलं त्यात माझ्या पगाराचा वाटा किती आणि कॉन्फिग.सिसचा (कॉम्प्युटर उठताना काय काय सुरू करायचं ते सांगणाऱ्या फायलीचा) किती, हे आजतागायत ठरलेलं नाही. पगार तेव्हा चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. पण १९९३ साली पुण्यात कॉम्प्युटर उघडणारा, त्यातलं कार्ड उपसून दुसऱ्या खाचेत बसवणारा आणि एवढं करून तो पुन्हा चालू करून दाखवणारा मुलगा म्हणजे स्थळ चांगलं, अशी समजूत होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पोहे संपायच्या आत मला आतल्या खोलीत नेलं होतं. तिथे त्यांचा नवाकोरा चारशे शहाऐंशी, म्हणजे ४८६ चिपचा कॉम्प्युटर होता आणि त्याचा माउस हलत नव्हता.

हलवून दिला. लग्न झालं. पुढे १९९५ साली विंडोज पंच्याण्णव आलं, त्याच्याबरोबर 'प्लग अँड प्ले' आलं, कार्डं आपापली सोय आपणच बघू लागली (निदान खोक्यावर तसं छापलेलं तरी असायचं), आणि जावयांचा भाव जो उतरला तो उतरलाच. आता सासरी मला फार तर मोबाइलची घंटी मोठी करून द्यायला सांगतात. तेही माझा मुलगा बरोबर नसेल तर.

तो चारशे शहाऐंशी मात्र अण्णांनी टाकला नाही. सदाशिव पेठेतला त्यांचा वाडा पडून तिथे इमारत उभी राहिली, तेव्हा नव्या फ्लॅटमध्ये जे काही आलं त्यात पितळी डबे, देवघर, एक डुगडुगती आरामखुर्ची आणि हा कॉम्प्युटर होता. सासूबाईंनी त्याला जुन्या पडद्याचं कव्हर शिवलंय. कव्हराला नाडी आहे, नाडीला गाठ आहे, आणि ती गाठ अण्णा सोडून कुणी सोडायची नाही असा नियम आहे.

कारण आत कुलवृत्तान्त आहे. निवृत्तीनंतरची काही वर्षं अण्णांनी घराण्याची वंशावळ गोळा करण्यात घालवली. कोकणातून घाटावर कोण कधी चढलं, कुणाला मूल नव्हतं म्हणून कुणाकडून दत्तक आलं, कोण कुणाशी भांडून इंदूरला गेलं आणि तिथे त्याने आडनाव का बदललं, हे सगळं त्यांनी एका बोटाने टाइप केलं. आणि मराठीत केलं. डॉसच्या, म्हणजे इंग्रजीत आज्ञा टाइप करून कॉम्प्युटर चालवायच्या जमान्यात, मराठीत. हे ज्यामुळे जमलं ते जिस्ट कार्ड आजच्या पोरांना माहीत असण्याचं कारण नाही. मूळ काम आयआयटी कानपूरचं. पुढे ते आपल्या सी-डॅकने वाढवलं. सी-डॅक निघाली १९८८ साली, पुणे विद्यापीठाच्या आवारात. तिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक केला, त्याची कौतुकं झाली, व्हायलाच हवी होती. पण माझ्या मते मोठा पराक्रम जिस्टचा. हे कार्ड खाचेत खोचलं की जन्मात इंग्रजीपलीकडे काही न बोललेला डीबेस, म्हणजे माहितीच्या याद्या सांभाळणारा प्रोग्रॅमसुद्धा मुकाट्याने 'ज्ञ' आणि 'ळ' दाखवायचा.

तर अण्णांचा मोतीबिंदू झाल्यापासून मशीन बंद होतं आणि सगळं शांत होतं. ती शांतता आमच्या चिरंजीवांनी मोडली.

चिरंजीव कॉम्प्युटर इंजिनियरिंगला आहेत. त्या मुलांमध्ये सध्या जुन्या मशिनांचं वेड आहे. एका रविवारी तो मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेला आणि तिथे गंजलेले पाने, घड्याळांची आतडी आणि कुलपांशिवायच्या किल्ल्या यांच्यामधून एक साउंड कार्ड घेऊन आला. लांबलचक, हिरवं, आयसा म्हणजे जुन्या पद्धतीच्या खाचेचं. विकणाऱ्याला ते काय आहे हे ठाऊक नव्हतं आणि त्याने किंमत मात्र ठाऊक असल्यासारखी सांगितली होती.

"बाबा, हे आजोबांच्या मशीनमध्ये लावायचं. जुन्या गेम्स खऱ्या हार्डवेअरवर ऐकायच्या. एम्युलेटरवर मजा नाही."

"आजोबांना विचारलंस?"

"तू विचार. तुझं ऐकतील ते."

हे वाक्य ऐकायला मी बरीच वर्षं थांबलो होतो.

अण्णांनी गाठ सोडली. पण आधी अट घातली: "जावईबापू, काय हवं ते करा. माझ्या कुलवृत्तान्ताच्या केसाला धक्का लागता कामा नये, आणि मला जसा तो उघडायची सवय आहे तसाच उघडला पाहिजे."

मशीन चालू केलं. मेमरी मोजत मोजत आकडे वर गेले आणि मग त्याने जाहीर केलं की त्याला काहीच आठवत नाही. साहजिक आहे. बोर्डावरची बॅटरी संपली की किती मेमरी, कुठली हार्ड डिस्क, आज वार कोणता, सगळं पुसलं जातं. त्यावेळच्या बऱ्याच बोर्डांवर निळी गोल बॅटरी कायमची डाग दिलेली असे. ती म्हातारपणी गळायची आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकायची. ती मी पूर्वीच उपटून बाहेरून पेन्सिल सेलचा डबा जोडला होता. सेल बदलले. हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर किती हे बायॉसला, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमला, आपल्या हाताने सांगावं लागतं, प्रकार ४७ निवडून. अण्णांच्या हिशेबाच्या वहीत हे आकडे होते, गॅसच्या नंबराखाली. डॉस उठला आणि त्याने तारीख दाखवली: १ जानेवारी १९८०, मंगळवार.

अण्णा चष्मा सरसावून पुढे आले. थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजलं.

"मंगळवारच होता," ते म्हणाले. "मशीन शाबूत आहे."

सगळ्यात आधी कुलवृत्तान्ताची प्रत फ्लॉपीवर काढली. खोक्यातल्या निम्म्या फ्लॉप्यांवर पुण्याच्या पावसाळ्याने बुरशी धरली होती, पण एक चांगली निघाली आणि एक पुरली. जिस्टच्या पद्धतीत म्हणजे इस्कीमध्ये अक्षराला एक बाइट लागतो, आजच्या युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन. अख्खं घराणं, दत्तकांसकट, १.४४ एमबीत मावून वर जागा उरली.

खरी लढाई नंतरची. चिरंजीवांनी साउंड कार्डाचा प्रोग्रॅम टाकला, गेम टाकली, एंटर मारला. गेमने सांगितलं, मेमरी कमी आहे. मग त्याने डीबेस उघडून बघितला. तोही म्हणाला, मेमरी कमी आहे. अण्णांचा चेहरा बदलला.

"बाबा, आठ एमबी आहे ना यात? मी आत्ता मोजताना बघितलं. त्यातले सात एमबी नुसते पडलेत. आणि हा म्हणतो जागा नाही?"

त्याची तक्रार रास्त होती. तीस पिनांच्या आठ पट्ट्या, चाराच्या दोन रांगांत, कारण चारशे शहाऐंशीला त्या चारच्या पटीतच चालतात. १९९३ साली या आठ एमबीसाठी अण्णांनी एफडी मोडली होती. मी खुर्ची ओढून घेतली. इतक्या वर्षांनी कुणीतरी हा प्रश्न मला विचारत होतं, घाईघाईत उत्तर देऊन तो वाया घालवणं मला मंजूर नव्हतं.

"१९८१ साली आयबीएमने पहिला पीसी काढला," मी म्हणालो. "त्यातल्या ८०८८ चिपला पत्त्याच्या वीसच तारा. वीस तारांत १०२४ केबीच्या पलीकडचा पत्ता लिहिताच येत नाही. त्यातले वरचे ३८४ आयबीएमने स्क्रीनसाठी, बायॉससाठी, पुढेमागे लागणाऱ्या कार्डांसाठी राखून ठेवले. खाली उरले ६४०. प्रोग्रॅमांनी तेवढ्यात राहायचं."

"पण ही चिप ८०८८ नाहीये ना. हिला चार जीबीपर्यंत पत्ते येतात."

"येतात. पण डॉस आणि त्याचे प्रोग्रॅम जुन्या करारावर राहतात."

"मग करार बदलायचा!"

इतका वेळ पेपरामागे असलेले अण्णा पेपर खाली करून म्हणाले, "तसा बदलत नाही तो. १९४७ चा भाडे कायदा जाऊन नवा लागू व्हायला २००० साल उजाडलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"अहो, हा वाडाच आहे की," अण्णा म्हणाले. "तळमजला भाडेकरूंचा. वरचा मजला मालकाने राखून ठेवलेला, निम्मा रिकामा, पण कुणाला द्यायचा नाही. आणि मागे हे एवढं मोठं परस मोकळं, त्यात कुणी पाय ठेवायचा नाही. मग मधल्या चौकात बिऱ्हाडं एकमेकांच्या उरावर."

नव्वदच्या दशकात मी हे कित्येक इंजिनियरांना समजावून थकलोय. एकालाही इतक्या लवकर कळलं नव्हतं. त्यांना फळ्यावर चौकोन काढून दाखवावे लागायचे. अण्णांनी चाळीस वर्षं वाड्याचं भाडं गोळा केलेलं.

"भाडेकरूंची यादी काढा," त्यांनी फर्मावलं.

यादी काढायला डॉसमध्ये 'मेम' नावाची आज्ञा आहे, तिच्यापुढे तिरकी रेघ आणि सी. कोण कुठे बसलंय आणि किती जागा अडवून आहे, सगळं बाहेर येतं. माउसचा ड्रायव्हर, १७ केबी. स्मार्टड्राइव्ह, डिस्कचा वेग वाढवणारा, २८. डॉसकी, आधी टाइप केलेल्या आज्ञा लक्षात ठेवणारा, ४. आणि खुद्द डॉस, तो तर अंगणभर पसरलेला. भर म्हणून नवीन साउंड कार्डाची मंडळी. सगळे ६४० मध्ये. खाली एक ओळ येते, सगळ्यात मोठा प्रोग्रॅम किती केबीचा चालेल याची. तिथे ५३१ होतं. गेमला सहाशेच्या आसपास हवे होते.

तेव्हा आता बिऱ्हाडं हलवायची. पहिला मान हायमेम.सिसचा. तो परसाचं दार उघडतो. या दाराची एक गंमत आहे. १०२४ केबीची भिंत संपली की तिला लागूनच ६४ केबीला सोळा बाइट कमी एवढी एक पडवी आहे, जिथे जुन्या कराराचे प्रोग्रॅमही कसेबसे हात पोचवू शकतात. तिकडे जायची एकविसावी तार उघडायची की बंद ठेवायची हे ठरवण्यासाठी १९८४ च्या एटी मशीनमध्ये आयबीएमला एक जास्तीची पिन हवी होती, आणि ती मोकळी सापडली कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपवर. तेव्हापासून परसाची किल्ली कीबोर्डवाल्याकडे.

"आमच्याकडेही संडासाची किल्ली शिंपीणबाईंकडेच असायची," सासूबाई आतून म्हणाल्या. "का, ते कुणालाच माहीत नव्हतं."

पडवी उघडली की 'डॉस=हाय' लिहायचं. १९९१ च्या डॉस ५ पासून ही सोय आहे. डॉस आपलं बरंचसं सामान उचलून स्वतः पडवीत झोपायला जातो आणि खालचं माजघर भाडेकरूंना मोकळं करून देतो. मालकाने असं वागल्याचं पुण्याच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही. अण्णांना ती ओळ मी दोनदा वाचून दाखवली. त्यांनी दोन्ही वेळा विषय बदलला.

मग वरचा मजला. ईएमएम३८६ नावाचा प्रोग्रॅम तो तपासतो. राखीव ३८४ मध्ये स्क्रीनचा भाग सोडला, बायॉसचा सोडला, तरी मधे मधे खोल्या रिकाम्या असतात. त्या जागी परसातली मेमरी आणून बसवतो आणि म्हणतो, द्या कुणाला द्यायची ती. मग ज्याला वर पाठवायचं त्याच्या नावाआधी 'डिव्हाइसहाय' किंवा 'लोडहाय'.

इथे चिरंजीवांना वाटलं की झालं. कसलं झालं! वरच्या खोल्या सलग नाहीत, तुकड्यातुकड्यांत आहेत. शिवाय काही मंडळींना आत येताना जागा जास्त लागते आणि स्थिरस्थावर झाल्यावर कमी. ज्याचं सामान जिन्यात अडकतं तो मुकाट्याने परत खाली उतरतो आणि कुणाला सांगतही नाही. म्हणून कोणाला आधी चढवायचं याला महत्त्व. डॉस ६ बरोबर १९९३ मध्ये यासाठी मेममेकर नावाचा प्रोग्रॅमच आला. तो मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद करत वेगवेगळ्या जुळण्या करून बघतो आणि शेवटी अभिमानाने किती वाचवले ते सांगतो. चिरंजीवांचं मत, तोच वापरू. मला तो आवडत नाही. स्वतःच्या डोक्याने ओळी वरखाली केल्याशिवाय वर किती जागा उरली याचा आनंद मिळत नाही, आणि हा धंदा त्या आनंदासाठीच करायचा असतो. वाचवलेल्या केबीचा दुसरा उपयोग त्या काळीही फारसा नव्हता.

मी स्टॅक्स, म्हणजे डॉसने बाजूला राखलेली जागा, शून्यावर आणले. लास्टड्राइव्ह, म्हणजे डिस्कांना द्यायचं शेवटचं अक्षर, झेडवरून कमी केला. अण्णांकडे इतकी अक्षरं भरतील एवढ्या डिस्का कधीच येणार नव्हत्या. माउस आधी वर, मग स्मार्टड्राइव्ह, मग उरलेल्या फटीत डॉसकी. पुन्हा यादी. ६१२. ज्यांना यातलं कळतं त्यांनी हा आकडा शांतपणे पुन्हा वाचावा. घरात तो कळणारा एकही माणूस नव्हता. बायकोने विचारलं, "हे चांगलं की वाईट?"

वाईट एवढंच की गेम आता नवीनच मागायला लागली. तिला एक्सपांडेड मेमरी हवी. एक्स्टेंडेड नव्हे, एक्सपांडेड. १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ही तोड काढली: परसातलं सामान एकदम घरात आणता येत नाही ना, मग वरच्या मजल्यावर ६४ केबीची एक खिडकी ठेवा आणि तिच्यातून थोडं थोडं दाखवत राहा. पण खिडकीला ६४ केबीची सलग भिंत लागते. ती दिली की वर चढवलेले भाडेकरू परत खाली. खिडकी काढली की गेम नाही. खिडकी ठेवली की डीबेस कुरकुरतो.

हा तिढा तसाच ठेवून आम्ही साउंड कार्डाकडे वळलो, कारण आवाज अजून आलाच नव्हता.

जुन्या कार्डावर पिनांच्या जोड्या उभ्या असतात आणि कुठल्या जोडीवर टोपी आहे त्यावरून कार्ड आपला नंबर ओळखतं. ती टोपी म्हणजे जंपर. काळी, प्लास्टिकची, आत तांब्याचा पत्रा. पिनांमधलं अंतर अडीच मिलिमीटर, त्यावरून तिच्या आकाराची कल्पना करा. नखाने निघत नाही, पकडीने तुटते. बायकोचा भुवयांचा चिमटा यासाठी उत्तम. एक जंपर निघाला, दुसरा निघता निघता उडाला. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मोझॅक फरशीवर काळा जंपर पडला की तो जंपर राहत नाही, ठिपका होतो. मी, चिरंजीव आणि अण्णा असे तिघे, तीन पिढ्या, पलंगाखाली टॉर्च घेऊन ठिपके चाचपत होतो. सासूबाई आल्या, त्यांनी कुंचा फिरवला, सुपली माझ्यापुढे धरली. सुपलीत एक बटण, दोन तांदूळ, अण्णांची हरवलेली रक्तदाबाची गोळी आणि जंपर.

नंबर कुठला द्यायचा? हीच तर मेख. कार्डाला प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यायला इंटरप्टची तार लागते, वाड्याच्या दारावरची बेलच ती. पहिल्या पीसीत अशा आठ. एटीत आणखी आठ वाढवल्या, पण दुसरा संच पहिल्याच्या २ नंबरमधून जोडला, त्यामुळे आठ आणि आठ पंधरा. त्यात ० घड्याळाचा, १ कीबोर्डचा, ३ आणि ४ सिरियल पोर्टचे (अण्णांचा माउस ४ वर), ६ फ्लॉपीचा, ७ प्रिंटरचा, १४ हार्ड डिस्कचा. आयसा खाचांमध्ये एका बेलवर दोन बिऱ्हाडं चालत नाहीत. 'काळे एकदा, गोरे दोनदा' अशी पाटी तिथे लावता येत नाही.

"पाच," चिरंजीव म्हणाले. "सगळे पाचवरच ठेवतात."

"पाचवर कुणीतरी आहे."

"कोण आहे? काही नाही दिसत." त्याने टोपी पाचवर बसवून गेम सुरूही केली.

गेममध्ये कुठलं तरी दार उघडलं आणि स्पीकरमधून 'धड्' असा आवाज आला. मग पुन्हा 'धड्'. मग धड्-धड्-धड्-धड्, तेवढाच तुकडा, थांबेचना. इंटरप्ट मिळाला नाही की असंच होतं. पुढचा तुकडा मागायची बेल कुणी ऐकतच नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून, "अहो, दार वाजतंय," म्हणून जाऊन दार उघडून आल्या. बाहेर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ खरोखरच उभे होते. आवाज कसला आहे, विचारायला आले होते.

पाचवर कोण होतं? तर हँड स्कॅनरचं कार्ड. कुलवृत्तान्तासाठी जुन्या मोडी कागदांच्या प्रती घ्यायला अण्णांनी कधीकाळी हातात धरून सरकवायचा स्कॅनर घेतला होता. तो कागदावर सरळ रेषेत फिरवणं माणसाला शक्य नसतं, त्यामुळे त्यांचे सगळे पूर्वज थोडे तिरके आलेत. स्कॅनर पुढे कुणीतरी नाशिकला नेला तो तिकडेच. कार्ड मात्र खाचेत, पाच नंबरचा इंटरप्ट आणि एक नंबरचा डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता माहिती थेट मेमरीत ने-आण करायची वाट) अडवून.

"हे काढू या," मी म्हणालो.

"काढायचं नाही," अण्णा म्हणाले.

"अण्णा, स्कॅनरच नाहीये. नुसतं कार्ड आहे."

"आज नसेल. उद्या तो म्हणाला घेऊन जा, तर? कुलूप लावून माणूस बाहेरगावी गेला म्हणून त्याची खोली दुसऱ्याला देता येत नाही. पगडी दिलीय त्याने."

यावर युक्तिवाद करण्यात अर्थ नव्हता. या मुद्द्यावर अण्णा कोर्टात हरून आलेले आहेत आणि तेव्हापासून त्यांना तो पाठ आहे. तडजोड निघाली: स्कॅनरने डीएमए बदलून तीनवर जायचं, इंटरप्ट पाच त्याचाच राहील. डीएमएची एक नंबरची वाट साउंड कार्डाला. आणि इंटरप्ट सात.

"सात प्रिंटरचा आहे ना?" चिरंजीवांनी नेमकं पकडलं.

"आहे. पण डॉसमध्ये प्रिंटर ती बेल वापरतच नाही. डॉस स्वतःच प्रिंटरला सारखं विचारत राहतो, झालं का, झालं का. बेल नुसती नावाला."

"म्हणजे नाव पाटीवर, माणूस अमेरिकेत," अण्णा म्हणाले. "असल्याच्या खोलीत पोटभाडेकरू ठेवायला हरकत नाही. त्याला कळत नाही."

या न्यायाने स्कॅनरचं काय, हे मी विचारलं नाही.

जंपर सातवर गेला. ऑटोएक्सेक.बॅटमध्ये, म्हणजे मशीन उठल्यावर आपोआप चालणाऱ्या फायलीत, 'सेट ब्लास्टर' ची ओळ लिहिली: ए२२०, आय७, डी१. पत्ता, इंटरप्ट, डीएमए. या ओळीतलं एक अक्षर चुकलं तर गेम मुकी. कार्ड बरोबर असेल, तारा बरोबर असतील, तरी मुकी. एंटर मारला आणि चारशे शहाऐंशीच्या बाजूला ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून असा काही भरदार, खरखरीत नगारा वाजला की खालचे गृहस्थ पुन्हा वर आले. या वेळी मात्र आत येऊन बसले.

राहिला खिडकीचा तिढा. तो डॉस ६ ने सोडवला. कॉन्फिग.सिसच्या डोक्यावर मेनू लिहिता येतो. मशीन उठतानाच विचारतं, कोणता संसार मांडू? पहिल्यात खिडकी नाही, सगळे भाडेकरू वर, डीबेसला मोकळं माजघर. दुसऱ्यात खिडकी आहे, स्मार्टड्राइव्ह आणि डॉसकी यांना रजा, साउंड कार्डाचे लाड. नावं रोमन अक्षरांत लिहावी लागली, कारण त्या घटकेला मशीनला मराठी आलेली नसते. मी सुचवलं, एक: अण्णा, दोन: नातू. अण्णांनी खोडून लिहायला लावलं: एक: कुलवृत्तान्त. दोन: इतर.

"आणि कुणी काहीच दाबलं नाही तर?" त्यांनी विचारलं.

"तर आपण सांगू तो पर्याय आपोआप सुरू होतो. किती सेकंद थांबायचं तेही सांगता येतं."

"आपोआप एक. जास्तीत जास्त किती थांबतं?"

"नव्वद."

"नव्वद लिहा."

"आजोबा, दहा पुरे," चिरंजीव कळवळून म्हणाले. "नाहीतर नव्वद सेकंद नुसतं बघत बसायचं?"

"तुला घाई असेल तर तू दोन दाब. तुला कुणी अडवलंय?"

तेव्हापासून मशीन रोज चालू असतं. चिरंजीव रविवारी येतात, उभ्या उभ्या दोन दाबतात आणि खालच्या गृहस्थांना वर बोलावतात. अण्णा रोज सकाळी पूजा आटोपून बसतात, नाडी सोडतात, बटण दाबतात, मेनू आला की हात मांडीवर ठेवून नव्वद सेकंद पुरी होईपर्यंत पडद्याकडे बघत राहतात. मी म्हटलं, "अण्णा, एक दाबा ना, लगेच सुरू होईल."

"आपोआप होतंय," अण्णा म्हणाले, "तर बटण कशाला झिजवायचं?"